प्रल्हाद शिंदे यांचा आवाज आणि आपली संशोधनपद्धती

लोकप्रिय गाण्यांवर संशोधन करू इच्छिणारे विद्यार्थी मराठी विभागांतून आता तुरळक राहिलेले नाहीत. असे विषय आता मंजूर होतात, चर्चासत्रांतून निबंध वाचले जातात, आणि पूर्वी अशा विषयांना ज्या उपहासाला तोंड द्यावे लागे तोही बराचसा ओसरला आहे. परंतु विषयाला मान्यता मिळणे आणि त्या विषयाला साजेशी अभ्यासपद्धती सिद्ध होणे या भिन्न गोष्टी आहेत. पहिली घडली म्हणून दुसरी आपोआप घडत नाही. उलट मान्यतेच्या समाधानात पद्धतीचा प्रश्न झाकला जाण्याचा संभव अधिक. प्रस्तुत लेखात हा प्रश्न प्रल्हाद शिंदे (१९३३–२००४) या एका गायकाच्या निमित्ताने उपस्थित करावयाचा आहे. त्यांच्या गायनाचे समग्र मूल्यमापन हा येथे हेतू नाही. त्यांचा आवाज आपल्या अभ्यासाच्या चौकटीत का बसत नाही, एवढेच पाहावयाचे आहे.

एका विद्यापीठाच्या संशोधन समितीपुढे एका विद्यार्थ्याने शिंदे यांच्या गायनावरील प्रबंधाचा आराखडा ठेवला होता. पहिलाच प्रश्न आला, ‘यात संहिता कोणती?’ प्रश्न अगदीच गैरलागू होता असे नाही. गाणी लिहिणारे कवी अनेक, चाली बांधणारे अनेक, आणि गायक स्वतः तर यातील बहुतेक शब्दांचा कर्ता नव्हे. मग समितीने दोन पर्याय सुचविले. भीमगीते घेऊन दलित कवितेच्या अंगाने अभ्यास करावा, अथवा विठ्ठलाची आणि इतर देवतांची गाणी घेऊन लोकप्रिय भक्तिगीतांचा अभ्यास करावा. दोन्ही मिळून ‘विषयाला एकात्मता राहणार नाही’. गायकाचाच अभ्यास करावयाचा असेल तर तो संगीत विभागाचा विषय, असेही सांगण्यात आले. संगीत विभागात रागसंगीत शिकविले जाते. तेथे हा विषय मराठीचा ठरला असता हे निराळे सांगावयास नको.

या प्रसंगात कोणाचा दुष्टावा होता असे मला वाटत नाही. समितीतील मंडळी विद्यार्थ्याला मदतच करीत होती. पण त्या मदतीमागे एक गृहीतक होते. अभ्यासविषयाची एकात्मता शब्दांत असते, शब्दांच्या आशयात असते; आवाज हे त्या आशयाचे केवळ वाहन. हे गृहीतक मान्य केले की प्रल्हाद शिंदे नावाचा माणूस दुभंगतोच. त्याचा अर्धा भाग एका प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात जातो, उरलेला दुसऱ्या प्रबंधाच्या परिशिष्टात. आणि ज्या महाराष्ट्राने हा आवाज अनेक दशके एकसंधपणे ऐकला, त्या महाराष्ट्राचा श्रवणानुभव कोठेच नोंदला जात नाही. मला येथे कबूल केले पाहिजे की माझ्या स्वतःच्या प्रबंधातही गायकांची नावे परिशिष्टातच होती, आणि त्यावेळी मला त्यात काही वावगे वाटले नव्हते.

शिंदे यांचे पंढरीच्या वाटेचे गाणे ठाऊक नाही असा मराठी माणूस विरळा. एस. टी. स्थानकावर, आषाढीच्या दिवसांत, लग्नाच्या मांडवात, दुकानाच्या फळीवर ठेवलेल्या ध्वनिक्षेपकातून ते सर्वांनी ऐकलेले आहे. ते गीत दत्ता पाटील यांचे आणि चाल मधुकर पाठक यांची, हे मात्र फार थोड्यांना सांगता येईल. साहित्याच्या अभ्यासकाला ही गोष्ट अन्यायाची वाटते आणि काही अंशी ती आहेही. तथापि लोकप्रिय संगीतात कर्तृत्वाची वाटणी साहित्यव्यवहारातल्यासारखी होत नाही हे त्यातून प्रथम ध्यानात घ्यावयास हवे. अशोक दा. रानडे यांनी जनसंगीत ही लोकसंगीताहून आणि कलासंगीताहून वेगळी कोटी मानली. या भेदाचे महत्त्व आपल्या विभागांत अजून पुरते रुजलेले नाही. लोकसंगीत म्हटले की आपण आदराने पुढे सरसावतो. विठ्ठल उमप यांच्यासारखा थोर कलावंत ‘लोककला’ या दालनातून सहज आत येऊ शकला. त्यांनीही भीमगीते गायिली, कव्वाली गायिली, आणि २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर, मंचावरच त्यांचे निधन झाले. पण ‘जांभूळ आख्यान’ त्यांच्यापाशी होते. आख्यान म्हटले की अभ्यासकाला परंपरा सापडते. शिंदे यांच्यापाशी तबकड्या होत्या, कॅसेटी होत्या. कॅसेट म्हटली की आपल्याला बाजार दिसतो. परंपरा आणि बाजार ही जणू दोन वेगळ्या माणसांची घरे असावीत, अशी आपली समजूत दिसते.

बाजाराविषयीचा हा संशय आपण कोठून घेतला हे पाहण्यासारखे आहे. अडोर्नो याचा लोकप्रिय संगीतावरील १९४१ चा निबंध, त्यातील साचेबंदपणाची मीमांसा, आपल्याकडे बहुधा मूळ न वाचताच पसरली. तिच्या आधाराने भीमगीतांतील उसन्या चालींना ‘अनुकरण’ म्हणण्याची पद्धत पडली. चित्रपटातील गाण्याची चाल घ्यायची आणि तीवर बाबासाहेबांचे चरित्र रचावयाचे, यात सर्जन कोठे, असा प्रश्न चर्चासत्रांतून मी अनेकदा ऐकला आहे. पण हाच प्रश्न आपण संगीत नाटकाला विचारत नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’पासून (१८८०) पुढच्या नाटकांच्या छापील पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ लिहिलेली असे, आणि ती चाल कोठून ना कोठून घेतलेलीच असे; लावणीतून, कीर्तनातून, कानडी पदातून. तेथे आपण तिला परंपरेचे अभिसरण म्हणतो. फुटपाथवर मिळणाऱ्या भीमगीतांच्या पुस्तिकेतही पदाच्या डोक्यावर ‘चाल’ लिहिलेली असते. छपाईची रीत तीच, रचनेची रीतही तीच. तिला नाव मात्र दुसरे मिळते. सौंदर्यशास्त्रीय कसोटी म्हणून आपण जे वापरतो त्यात कागदाच्या प्रतीचा आणि वाचकाच्या वस्तीचा किती अंश असतो, हे यावरून तपासता येईल.

आता मुख्य अडचणीकडे वळू. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली. बावीस प्रतिज्ञांनी हिंदू देवदेवतांचे पूजन स्पष्ट शब्दांत नाकारले. त्या चळवळीची गाणी घराघरांत पोहोचविणारा गायक विठ्ठलाची, सत्यनारायणाच्या कथेची गाणीही तितक्याच ओढीने गातो. या वस्तुस्थितीचे काय करावयाचे? विद्यार्थी येथे अडखळतात, मार्गदर्शक विषयांतर करतात, आणि शेवटी एखादे तयार स्पष्टीकरण उचलले जाते. पोटापाण्यासाठी गायिले, हे त्यातले सर्वांत प्रचलित. ते खोटे नाही. ध्वनिमुद्रण कंपन्यांना भक्तिगीतांची मोठी बाजारपेठ दिसत होती आणि गायक हा व्यावसायिक होता. पण हे स्पष्टीकरण ज्या सुरात दिले जाते तो सूर क्षमायाचनेचा असतो, म्हणून ते मला खटकते. दुसरे स्पष्टीकरण समन्वयाचे. महाराष्ट्राची माती सर्वांना सामावून घेते वगैरे. हे फारच स्वस्त आहे. चोखोबांना महाद्वाराबाहेर ठेवणाऱ्या आणि १९४७ मध्ये मंदिरप्रवेशासाठी साने गुरुजींना पंढरपुरात उपोषण करावयास लावणाऱ्या मातीविषयी असे बोलताना अभ्यासकाने थोडे थांबावयास हवे.

येथे एक तुलना उपयोगी पडेल. ‘बैजू बावरा’ (१९५२) या चित्रपटातील विख्यात भजन शकील बदायुनी यांनी लिहिले, नौशाद यांनी संगीत दिले, महंमद रफी यांनी गायिले. या योगाचा आपण अभिमानाने उल्लेख करतो आणि राष्ट्रीय एकात्मतेच्या भाषणांतून तो वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. रफी यांना ते भजन का गायिले याचा खुलासा कोणी मागत नाही. व्यावसायिक गायकाच्या गळ्यातून कोणत्याही श्रद्धेचे गाणे उमटू शकते, हे तेथे आपल्याला स्वयंसिद्ध वाटते. मग शिंदे यांच्याबाबतीतच खुलासा का मागितला जातो? मागणारे दोन्ही बाजूंचे आहेत. चळवळीतील काहींना ती तडजोड वाटते, आणि तसे वाटण्याचा त्यांना अधिकार आहे, कारण त्यांच्यासाठी तो प्रतिज्ञेचा प्रश्न आहे. विद्यापीठातील अभ्यासकाची अडचण मात्र निराळी. दलित कलावंत म्हटला की त्याचा प्रत्येक आविष्कार हा त्याच्या जातीय अनुभवाचे थेट विधान असलाच पाहिजे, अशी अपेक्षा तो नकळत बाळगतो. इतर गायकांना व्यवसाय असतो, कौशल्य असते, गळ्याची हौस असते. दलित गायकाला फक्त ‘जाणीव’ असते. शरणकुमार लिंबाळे यांनी ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ (१९९६) लिहिताना साहित्याच्या संदर्भात जी स्वतंत्र मूल्यव्यवस्था मागितली तिची आवश्यकता मी मानतो. पण जाणिवेची कसोटी गायकाला जशीच्या तशी लावली की त्याचे अर्धे काम आपल्या हिशेबातून गळते, हेही मानले पाहिजे.

याच्या उलट टोकाचाही एक मोह आहे, आणि तो अधिक विद्वान माणसांना पडतो. शिंदे यांचे नाते मंगळवेढ्याचे. मंगळवेढे म्हणजे चोखोबांचे गाव. तेथेच गावकुसाची भिंत कोसळून १३३८ मध्ये चोखोबांचा अंत झाला असे सांगतात. बाबासाहेबांनी १९४८ चा ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांना अर्पण केला. एवढे धागे हाती असताना पंढरीच्या वाटेचे ते गाणे चोखोबांच्या परंपरेत बसवावयाचा मोह कोणाला होणार नाही? गाणे वाटेचे आहे, गाभाऱ्याचे नाही. गाणारा चालतो आहे, पोहोचलेला नाही. म्हणजे हा महाद्वाराबाहेरचा स्वर. हा अन्वयार्थ मी स्वतः एका व्याख्यानात मांडला होता आणि श्रोत्यांना तो आवडलाही होता. आता मला त्याचा संशय येतो. शब्द दत्ता पाटलांचे आहेत, आणि वारीवरचे बहुतेक कोणतेही गाणे वाटेचेच असणार. गायकाची जात ठाऊक असल्यामुळे मी शब्दांत एक व्यथा वाचली आणि मग तीच व्यथा शब्दांतून सापडली असे जाहीर केले. ‘जाणिवे’ची अपेक्षा ठेवणाऱ्या अभ्यासकाहून मी फारसे वेगळे काही केले नव्हते, केवळ अधिक सुंदर वाक्यांत केले होते.

मग हाती काय उरते? माझ्या मते आवाजच उरतो, आणि तो पुरेसा आहे. रोलाँ बार्थ याने १९७२ च्या आपल्या निबंधात आवाजाच्या पोताची कल्पना मांडली. गाणाऱ्या देहाची त्याच्या मातृभाषेशी होणारी घसट ऐकू येणे, अशी काहीशी ती कल्पना आहे. आपल्याकडे ती उपयोगाची आहे, परंतु अपुरी. बार्थच्या निबंधातील देहाला भाषा आहे, जात नाही. वस्ती नाही, श्रमही नाही. मराठी कानाला आवाजाची सामाजिक प्रतवारी फार लवकर कळते. भावगीताचा आवाज ध्वनिक्षेपकाच्या जवळ उभा राहून घडला. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून १९५५-५६ मध्ये ‘गीतरामायण’ ऐकणाऱ्या घराघरांत मृदू, स्वच्छ, उच्चारशुद्ध स्वर हाच सुसंस्कृत स्वर म्हणून स्थिरावला. शिंदे यांचा आवाज दुसऱ्या शाळेतला. चाळीच्या अंगणात, रस्त्यावर घातलेल्या मंचावर, रात्रभर चालणाऱ्या कव्वालीच्या सामन्यात, शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचावयाचे तर गळा उघडा ठेवावा लागतो. तान घेण्याआधी कोरसाला पुरेसा अवकाश द्यावा लागतो. ओळ संपविताना शेवटचा स्वर टाळ्यांच्या ठेक्यावर टेकवावा लागतो. आपण अशा आवाजाला ‘पहाडी’ म्हणतो. विशेषण गौरवाचे आहे खरे. पण ते आवाजाला निसर्गाच्या खात्यात जमा करते आणि त्यामागची तालीम पुसून टाकते. मृदू आवाजाला आपण कमावलेला म्हणतो, खड्या आवाजाला लाभलेला.

हीच शाळा भक्तिगीतांतून ऐकू येते, आणि तिचा शोध घेणे हे शब्दार्थाच्या कोणत्याही शोधापेक्षा अधिक फलदायी ठरावे. त्यांच्या विठ्ठलगीतांत कीर्तनाची बैठक कमी आणि कव्वालीची फेक अधिक आहे असे माझे निरीक्षण आहे. आळवणीच्या जागी हाक येते. ध्रुवपद परत येते तेव्हा ते कोरसाच्या हाती सुपूर्द केले जाते, आणि गायक पुढच्या ओळीवर वरून उतरतो. भीमगीतांत आणि भक्तिगीतांत हे तंत्र एकच आहे. म्हणजे ज्या मंचावर आंबेडकरी समाजाने आपल्या आवाजाची उभारणी केली, त्या मंचाचे व्याकरण मराठी भक्तिगीताच्या अगदी मध्यभागी जाऊन बसले. आणि ज्या घरांतून भीमगीत कधी लागले नसते त्या घरांतून ते ऐकले गेले. यास मी विजय म्हणत नाही, तडजोडही म्हणत नाही. मराठी अभिरुचीच्या इतिहासातील ही एक घटना आहे आणि तिची नोंद शब्दसंहितेच्या अभ्यासातून होऊ शकत नाही, एवढेच म्हणतो.

संहितेचा आग्रह ज्यांना सोडवत नाही त्यांच्यासाठी नाममुद्रेचा विषय आहे. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांच्या रचनांत अखेरच्या कडव्यात ‘वामन’ येतो, हे सर्वज्ञात आहे. संतांच्या अभंगापासून शाहिरांच्या कवनापर्यंत चालत आलेली ही रीत भीमगीतांच्या कवींनी फार जाणीवपूर्वक जपली. वामनदादांना अक्षरओळख झाली ती मोठेपणी; त्यांची गाणी छापून येण्याआधी इतरांच्या गळ्यांतून फिरली. कॅसेटच्या आवरणावरील नाव फाटते, नकली प्रतीवर ते छापलेच जात नाही. अखेरच्या कडव्यातले नाव मात्र गाणे आहे तोवर राहते. गाणारा दुसऱ्याचे नाव आपल्या आवाजात उच्चारून गाणे संपवितो. कर्तृत्वाची ही व्यवस्था मुद्रणावर उभ्या असलेल्या आपल्या स्वामित्वकल्पनेहून जुनी आहे आणि काही बाबतींत अधिक प्रामाणिकही. कॅसेट-भक्तिगीतांत ही मुद्रा बहुधा आढळत नाही. एकाच गायकाच्या दोन प्रकारच्या गाण्यांत कवीच्या नावाचे काय होते, एवढा एकच प्रश्न घेऊन एक चांगला प्रबंध होऊ शकेल. आल्बर्ट लॉर्डच्या ‘द सिंगर ऑफ टेल्स’ (१९६०) या ग्रंथाचा येथे आधार घेण्याची प्रथा आहे. पण लॉर्डच्या गायकासाठी प्रत्येक गायन हे नवे गाणे होते. कॅसेटने गाण्याचे एक रूप गोठविले, आणि पुढच्या पिढीतील गावोगावचे गायक त्या गोठलेल्या रूपाबरहुकूम, श्वासासकट, गाऊ लागले. मौखिकता आणि मुद्रण यांच्या मधली ही तिसरी अवस्था आहे. पीटर मॅन्युएल यांचे ‘कॅसेट कल्चर’ (१९९३) तिच्या आर्थिक बाजूवर प्रकाश टाकते, पण त्याचे क्षेत्र उत्तर भारत आहे. महाराष्ट्राचे काम महाराष्ट्रातच व्हावे लागेल.

ते काम मांडावयाचे कसे, हा प्रश्नही सोपा नाही. गाणे कागदावर उतरविताना आपण पहिली कात्री पुनरावृत्तीला लावतो. ध्रुवपद एकदा लिहून पुढे दोन टिंबे देतो. कोरसाचे प्रतिसाद, मधले हाकारे, टाळ्या गाळतो. जे उरते ते सुमार पद्य दिसते, आणि मग त्या सुमारपणावर आपण अभिप्राय देतो. एका चर्चासत्रात एका विद्यार्थिनीने भीमगीतांवर निबंध वाचला. शेवटी एक गाणे ऐकवावयाचे होते. ऐकविण्यापूर्वी ती म्हणाली, ‘वाङ्मयीन दर्जा कदाचित नसेल, पण समाजशास्त्रीय दृष्टीने महत्त्वाचे आहे.’ हे गाणे तिच्या घरात तिच्या जन्माआधीपासून वाजत होते, हे तिने नंतर चहाच्या वेळी सांगितले. निबंधात मात्र ते नव्हते. वाङ्मयीन आणि समाजशास्त्रीय ही विभागणी तिने आमच्याकडूनच शिकून घेतली होती. ज्या कानाने ती त्या सभागृहातील कोणाहीपेक्षा अधिक जाणत होती, तो कान बाहेर ठेवून यावे अशीच आमची शिकवण होती.

दरम्यान बाजाराने आपला निर्णय देऊन टाकला आहे. ६ डिसेंबरला दादरला चैत्यभूमीच्या परिसरात पुस्तकांच्या बरोबरीने कॅसेटी मांडल्या जात, पुढे तबकड्या आल्या; आता गाणी भ्रमणध्वनीवर ऐकली जातात. त्या नव्या माध्यमांच्या वर्गवारीत भीमगीते अनेकदा ‘भक्तिगीते’ याच शीर्षकाखाली घातलेली दिसतात. विद्यापीठाने ज्या दोन गोष्टी एका प्रबंधात नांदू दिल्या नाहीत, त्या तेथे एका कप्प्यात कोंबल्या आहेत, आणि बावीस प्रतिज्ञांची जाण असलेल्या श्रोत्याला तो कप्पाही तितकाच चुकीचा वाटणार. आनंद आणि मिलिंद ही मुले, आदर्श हा नातू, अशा पुढच्या पिढ्यांनी त्याच आवाजाची शाळा चित्रपटात आणि दूरचित्रवाणीवर नेली आहे. त्या गायनात मंचाचे व्याकरण किती उरले हे तपासण्याइतका काळ आता लोटला आहे.

त्यासाठी प्रथम साधने गोळा करावी लागतील आणि ती ग्रंथालयांत नाहीत. कॅसेटच्या आवरणांवर वर्ष नसते. ढोलकी वाजविणारे, बुलबुलतरंग वाजविणारे, कोरसात उभे राहणारे यांची नावे पुष्कळदा नसतात. ही माणसे आता सत्तरीच्या पुढे आहेत. समितीपुढे आलेल्या त्या विद्यार्थ्याने अखेर भीमगीतांचा पर्याय स्वीकारला. भक्तिगीतांच्या कॅसेटी त्याने परिशिष्टातही घेतल्या नाहीत. मात्र कोरसात गायिलेल्या दोघांच्या मुलाखती त्याने ध्वनिमुद्रित करून ठेवल्या आहेत, आणि त्यांतील एकाने बोलता बोलता दोन्ही प्रकारची गाणी, मध्ये न थांबता, एकामागून एक म्हणून दाखविली आहेत.